घोडा कुणाच्या कमरेला?

(अभ्यासवर्गाच्या दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



काल रात्री सत्र संपल्यावर बाहेर टपरीवर चहा पीत होतो. एक पोरगा जवळ आला. वय वीस-एकवीस. मला जरा बाजूला घेतलं आणि मोबाईल पुढं केला. पडद्यावर एक छोटं काळं पिस्तूल. म्हणाला, "सर, तुम्ही इतकी वर्षं अमेरिकेत आहात. शर्टाच्या आत घातलं तर दिसणार नाही, असं बेस्ट कुठलं?"

मी हसलो नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या मामाच्या गावात गेल्या वर्षी वरातीत भीमगीत वाजलं म्हणून मामेभावाला खांबाला बांधून धुतलंय. मारणाऱ्यांपैकी एकाच्या घरात परवान्याची बंदूक आहे. ती त्या रात्री झाडली नाही, नुसती ओट्यावर आणून ठेवली. सगळ्या वस्तीनं ती पाहिली.

तो पोरगा आत्ता समोर बसलाय. नाव घेत नाही. माझा ठरलेला विषय होता 'अमेरिकेतली काळ्यांची चळवळ'. तो बाजूला ठेवतो. आज मी त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पिस्तूल कसं निवडतात ते सांगणार आहे. अगदी दुकानात जाऊन, हातात घेऊन. काळ्यांची चळवळ त्यात आपोआप येईल, कारण तो विषय त्यांच्या कमरेलाच बांधलेला आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं ते १९६६ साली ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथरचं. आमच्या चाळीत एका खोलीत त्यांचं चित्र होतं. काळी टोपी, कातडी जाकीट, हातात बंदूक. मी लहानपणी ते चित्र तासन्‌तास बघायचो. टोपी कुणी तरी आणली, जाकीट चोरबाजारात मिळालं. बंदूक चित्रातच राहिली. आपल्या लोकांच्या वाट्याला दगड आले, तेही अंगावर. १९७४ च्या जानेवारीत परळला मोर्चावर वरून दगड टाकला आणि भागवत जाधव गेला. तेव्हा चित्रातली ती बंदूक हवीशी वाटणारा तू पहिला नाहीस, पोरा. मीही होतो.

आता शिकागोला चला.

मी शहराच्या दक्षिण भागात राहतो. बहुतेक वस्ती काळ्यांची. भाडं परवडलं म्हणून गेलो आणि तिथलाच झालो. शेजारी एक म्हातारा. जन्मभर शहराची बस चालवली. चर्चमध्ये डीकन, म्हणजे आपल्या विहाराच्या कमिटीत एक जुना माणूस असतो ना, सगळ्यांची भांडणं मिटवणारा, तसा. सगळी गल्ली त्यांना डीकन म्हणते. मीही डीकनच म्हणतो.

२०१८ च्या मार्चमध्ये त्यांना बसथांब्यावर दुसऱ्यांदा लुटलं. पहिल्या वेळी पाकीट गेलं. दुसऱ्या वेळी खाली पाडलं, उजवं मनगट मोडलं. लुटणारी पोरं काळीच, सतरा-अठराची. पोलीस तासाभरानं आला, कागद भरला, गेला. डीकन म्हणाले, "आता पुरे."

शिकागोत १९८२ पासून नवीन पिस्तूल घरात ठेवायलाही बंदी होती. ती उठली २०१० साली, सुप्रीम कोर्टात. खटल्यावर नाव कुणाचं? ओटिस मॅकडोनाल्ड. लुईझियानातल्या बटाईदाराचा पोरगा, काळा, म्हातारा, घरफोड्यांना कंटाळलेला. त्याच्या मागं बंदूकवाल्या संघटनांचे वकील होते. काळ्या म्हाताऱ्याचा चेहरा पुढं केला की खटला शोभून दिसतो, हे त्यांना कळत होतं. पण म्हाताऱ्याची भीती खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. पुढं २०१३ साली इलिनॉय राज्यानं पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्याचा कायदा केला. देशातलं ते शेवटचं राज्य. सोळा तासांचा वर्ग, दीडशे डॉलर फी, आणि तीस गोळ्यांची परीक्षा. पाच, सात आणि दहा यार्डांवरून दहा-दहा गोळ्या. शंभरात सत्तर लागल्या पाहिजेत.

मी सोबत गेलो. कामाच्या व्हिसावर होतो तोवर कायद्यानं मला बंदुकीला हात लावणं जवळजवळ बंदच होतं. ग्रीन कार्ड झालं आणि दार उघडलं. डीकनला सोबत म्हणून गेलो असं घरी सांगितलं. खरं म्हणजे चाळीतलं ते चित्र मला घेऊन गेलं.

शहराबाहेर दुकान. सोनाराच्या दुकानासारखी काचेची कपाटं, आत दिवे. विकणारा गोरा पोरगा, दाढीवाला, बोलायला अदबशीर. त्यानं पहिलं शिकवलं ते हे: लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल नव्हे. आपल्याला वाटतं, चिमुकलं आहे, म्हाताऱ्याला, बाईमाणसाला बरं. उलटं आहे. गोळी सुटते तेव्हा पिस्तूल मागं उसळी मारतं. वजन जितकं कमी, तितका धक्का जास्त. रूगरचं एलसीपी नावाचं आहे, रिकामं पावणेतीनशे ग्रॅमच्या आत, मॅगझीनमध्ये सहा गोळ्या. खिशात पाकिटासारखं बसतं. पण झाडलं की तळहात चुरचुरतो. नळी एवढीशी, माशी एवढीशी, नेम जरा चुकला की चुकतच जातो. बाळगायला सगळ्यांत सोपं, चालवायला सगळ्यांत अवघड.

दुसऱ्या टोकाला ग्लॉक १९. चार इंची नळी, पंधरा गोळ्या, भरलं की साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. हातात भरून बसतं, धक्का पेलतं, नेम लागतो. पण उन्हाळ्यात बनियन-शर्टावर मूठ बाहेर डोकावते. वाकलास की दिसलं. अमेरिकेत लपवून बाळगणाऱ्याचं सगळं गणित ह्या दोन टोकांमध्ये आहे. लपेल ते नीट चालत नाही, चालेल ते नीट लपत नाही.

मधलं माप नंतर निघालं. सिगचं पी ३६५ त्याच २०१८ साली आलं होतं. तीन इंची नळी, अर्धा किलो वजन, तरी मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. बाजारात झुंबड. ही लहान मापं आली कशी, त्याचीही गोष्ट आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानं नव्या मॅगझीनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली. कारखानदारांनी विचार केला, दहाच घालायच्या तर एवढं थोराड पिस्तूल कशाला? लहान करा. २००४ ला कायद्याची मुदत संपली, लहान पिस्तुलं राहिली. सरकार गोळ्या कमी करायला गेलं, बाजारानं पिस्तूल खिशात मावेल असं करून दिलं. भांडवलशाही अशी चालते, लिहून घ्या.

मग गोळीचं माप. विकणारा म्हणाला, "९ एमएम घ्या, त्याच्या खाली जाऊ नका." दुसरं माप ३८०. गोळीची जाडी जवळपास तीच, पण काडतूस आखूड, दारू कमी, म्हणून मारा कमी आणि धक्काही कमी. डीकननी आपलं मनगट पुढं केलं. "हे मोडलेलं आहे. मला माणूस उडवायचा नाही. माझ्या हातून सुटलेली गोळी जिथं पाहिजे तिथं जावी, एवढंच." दाढीवाला गप्प झाला. नेम चुकलेली मोठी गोळी कुणाच्या तरी खिडकीतून आत जाते. खिडकीत त्यांच्याच वस्तीतलं पोर असतं.

मग हाताची ताकद. पिस्तुलाची स्लाईड एका हातानं धरून मागं ओढावी लागते, तेव्हा पहिली गोळी नळीत चढते. डीकनना ग्लॉकची ओढवेना. त्यांनी पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर मागितलं. त्याला स्लाईड नसते. पण त्याचा चाप जड. चाप ओढेस्तोवर नळी हलायची. शेवटी त्यानं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी काढलं. नावाप्रमाणं स्लाईड हलकी, ३८० ची गोळी, मॅगझीनमध्ये आठ, वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. मुठीच्या मागं एक पट्टी, ती तळहातानं दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. डीकननी स्लाईड ओढली. ओढली गेली. म्हाताऱ्याच्या तोंडावर जे हसू आलं ते काय सांगू.

लगेच घेतलं नाही. शहाणा माणूस पहिल्या दिवशी घेत नाही. आधी भाड्यानं घेऊन झाडून बघतो. मागच्या बाजूला निशाणेबाजीची गल्ली होती. डीकननी पन्नास गोळ्या झाडल्या. मग माझ्या हातात दिलं.

खोटं बोलत नाही. मला आवडलं. पहिली गोळी सुटली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली पाठ एका क्षणात सरळ झाली, असं वाटलं. येसकरकी करणारा माझा आजा पाटलाच्या वाड्यापुढं जोहार घालायचा. त्याच्या हातात हे असतं तर? असा विचार आला. तुझ्या मनात जे आहे ना पोरा, ते मी त्या गल्लीत उभं राहून अंगावर घेतलंय. म्हणून तुला उपदेश करायला मी लायक आहे असं नाही, पण बोलायला लायक आहे.

पुढं म्यान. होल्स्टर. विकणारा म्हणाला, पिस्तूल निवडायला लोक महिना घालवतात आणि होल्स्टर उचलतात पाच मिनिटांत. अपघात तिथंच होतो. कडक प्लॅस्टिकचं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं हवं. चाप पूर्ण झाकला पाहिजे. किल्ल्या, रुमाल, चिल्लर यांच्यासोबत उघडं खिशात टाकलंस की एक दिवस आपल्याच मांडीत गोळी जाते. पट्टा जाड हवा, नाही तर वजनानं पँट ओघळते. पँट एक माप मोठी. वाकायचं गुडघ्यातून, कमरेतून नाही. चर्चमध्ये प्रार्थनेला हात वर केले की शर्ट वर सरकतो, तेव्हा शर्ट लांब. गाडीत बसलास की वर सीटबेल्ट येतो, तेव्हा हात पोचत नाही. पिस्तूल बांधलेला माणूस दिवसभर आपलंच अंग सांभाळत असतो. म्हातारी म्हणाली, "तुम्ही नवऱ्या मुलासारखे चालता."

पिस्तूल चारशे डॉलरच्या आसपास. पट्टा, होल्स्टर, गोळ्या, वर्ग, परवाना, घरात ठेवायची लोखंडी पेटी धरून हजाराच्या घरात. आणि बंदी कुठं कुठं? शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी, दारूचा बार, सार्वजनिक बाग, आणि बस. बसमध्ये परवानगी नाही! जन्मभर बस चालवली, बसथांब्यावर लुटले गेले, आणि पिस्तूल घेतलं तर बसमध्ये चढायचं नाही. डीकन खो खो हसले. "म्हणजे लुटायचं असेल तिथं मी रिकामाच."

इथपर्यंत झाली दुकानातली निवड. वजन, माप, चाप, स्लाईड, म्यान. आता त्या सोळा तासांच्या वर्गाचं सांगतो. शिकवणारा निवृत्त पोलीस, स्वतः काळा. कायदा सांगितला, निशाणा शिकवला आणि मग म्हणाला, "आता मुख्य धडा." दिवे लावून पोलिसाची गाडी मागं आली तर काय करायचं. गाडी बाजूला घ्या. काच खाली. आतला दिवा लावा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. परवाना खिशात असला तरी हात तिकडं न्यायचा नाही. राज्याचा कायदा म्हणतो, पोलिसानं विचारलं तर पिस्तूल असल्याचं सांगा. 'आहे' म्हणा, पण 'बंदूक' हा शब्द एकटा तोंडातून काढू नका, आधी परवाना म्हणा. हे त्यानं पुन्हा पुन्हा करून घेतलं. वर्गात पन्नाशी-साठीचे बाप्ये आणि बाया, खुर्चीवर बसून हवेतलं स्टिअरिंग धरून. गोऱ्यांच्या वर्गात ह्या धड्याला दहा मिनिटं पुरतात, असं तोच म्हणाला.

का करून घेतलं? फिलँडो कॅस्टील. मिनेसोटा राज्य, ६ जुलै २०१६. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा बत्तीस वर्षांचा काळा माणूस. परवाना होता. पोलिसानं गाडी थांबवली. त्यानं न विचारता, अदबीनं सांगितलं की माझ्याजवळ हत्यार आहे. काही सेकंदांत सात गोळ्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. जून २०१७ मध्ये ज्युरीनं पोलिसाला निर्दोष सोडलं. कॅस्टीलनं पिस्तूल चुकीचं निवडलं होतं का? परवाना चुकीचा होता का? काहीही चुकलं नव्हतं. जे चुकलं ते त्याच्या कातडीवर होतं, आणि ती काही त्यानं दुकानातून निवडून आणलेली नव्हती.

डीकनच्या बायकोनं त्या रात्री जेवताना विचारलं, "वजन बघितलंत, गोळ्या मोजल्यात. हे तुमच्या कमरेला पोलिसाला दिसलं, तर त्याला तुम्ही कोण दिसाल?" म्हातारा भाकरी मोडावी तसा पाव मोडत राहिला.

मित्रांनो, हा प्रश्न एका म्हातारीचा नाही. अमेरिकेचा आख्खा कायदा ह्या प्रश्नावर उभा आहे. १८५७ चा ड्रेड स्कॉटचा निकाल घ्या. सरन्यायाधीश टॅनीनं काळ्यांना नागरिक का मानायचं नाही याची कारणं दिली. त्यातलं एक हे की नागरिक मानलं तर त्यांना हत्यार बाळगून कुठंही हिंडता येईल. यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि १८६५ साली मिसिसिपीनं कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. फ्लॉरिडाच्या १८९३ च्या कायद्याबद्दल तिथल्याच एका न्यायमूर्तीनं १९४१ मध्ये लिहून ठेवलं की हा कायदा काळ्या मजुरांची हत्यारं काढून घेण्यासाठी होता, गोऱ्यांना तो लावायचा नव्हताच. १९५६ साली माँटगोमेरीला मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब टाकला. किंगनं पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना मागितला. नाकारला. अहिंसेचा एवढा मोठा पुढारी, त्यालाही परवाना मागावासा वाटला. आणि ज्याच्या घरावर बाँब पडला तोच लायक नाही, असं ठरलं.

मग पँथर आले. त्यांनी लपवलंच नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उघड बंदूक बाळगायला बंदी नव्हती, म्हणून उघड बाळगली आणि पोलिसांच्या गाडीमागं फिरले. २ मे १९६७ ला बंदुका घेऊन विधानभवनात शिरले. त्याच वर्षी भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन. तोच पुढं बंदूकवाल्यांचा लाडका राष्ट्राध्यक्ष. आणि शिकागो? ४ डिसेंबर १९६९, पहाटे. इलिनॉय पँथरचा अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन, वय एकवीस. तुझ्याएवढा, पोरा. पोरांना सकाळचा नाश्ता देणारा, दवाखाना काढणारा. घरात बंदुका होत्या. पोलिसांनी नव्वदच्या आसपास गोळ्या झाडल्या. आतून किती सुटल्या? एक. हॅम्प्टन बिछान्यातच मेला. घराचा नकाशा पोलिसांपर्यंत कुणी पोचवला? पँथरच्याच संरक्षणप्रमुखानं, तो एफबीआयचा खबऱ्या होता. बंदुका सांभाळायचं काम ज्याच्याकडं, तोच विकलेला. चाळीतल्या त्या चित्रात हे लिहिलेलं नव्हतं.

आता माझं सांगतो. हे मी आजवर कुठल्या स्टेजवर बोललो नाही.

२०१८ च्या शेवटी माझी नोकरी गेली. घर मोडलं, बायको मुलीला घेऊन गेली. जानेवारी २०१९. शिकागोत ३० तारखेला पारा उणे तीसच्या खाली. मी डीकनच्या दारात गेलो. म्हणालो, "मलाही एक निवडून द्या. लुटमार वाढलीय." म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "ह्या हिवाळ्यात नाही." मी चिडलो. म्हणालो, मी काय पोर आहे का? ते म्हणाले, "उन्हाळ्यात मागितलंस तर मी स्वतः घेऊन जाईन. आज आत ये, जेव."

त्यांनी काय ओळखलं ते मला नंतर कळलं. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातली २६,३२८ माणसं स्वतःच्या हातानं. निम्म्याहून जास्त! चोरासाठी आणलेलं हत्यार चोराची वाट बघत नाही. ते घरात असतं, आणि घरात आपण असतो. आपली पोरं कॉलेजच्या हॉस्टेलात गळफास घेतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं फास आवळेपर्यंत कुणी तरी दार फोडू शकतं. पिस्तुलाला तेवढा वेळ लागत नाही. मी उन्हाळ्यात मागितलं नाही. माझ्याकडं पिस्तूल नाही. हे काल तू विचारलं होतंस, उत्तर दिलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघं डीकनच्या गाडीतून येत होतो. मागचा दिवा फुटला होता. पोलिसाची गाडी लागली. डीकननी सगळं वर्गात शिकवल्यासारखं केलं. काच, दिवा, हात, बोटं. पोलिसानं विचारलं, यांनी आधी परवाना म्हटलं, मग पिस्तूल. पोलीस दोन पावलं मागं सरला आणि त्याचा हात कमरेवर गेला. वीस मिनिटं. सत्तरीकडं झुकलेला माणूस, हात स्टिअरिंगवर, आणि ते मोडलेलं मनगट थरथरत होतं. थरथर थांबवता येईना. मला एकच कळत होतं, ह्या थरथरण्याचा अर्थ तो पोलीस काय लावेल त्यावर आमचं जगणं आहे. शेवटी त्यानं कागद दिला, सोडलं. घरी आल्यावर डीकननी पिस्तूल काढून पेटीत ठेवलं. म्हणाले, "त्या पोरांनी मला दोनदा लुटलं, पण एवढी भीती नव्हती वाटली." तेव्हापासून गाडी चालवताना ते बांधत नाहीत. बसमध्ये बंदी, गाडीत भीती. ते पिस्तूल आता पेटीतच असतं. एवढं निवडून घेतलेलं.

पोरा, तू म्हणशील, सर, हे तिकडचं. ठीक. इकडं ये.

तुझ्या मोबाईलवरचं पिस्तूल ९ एमएमचं आहे. आपल्याकडं ते माप निषिद्ध बोअरात येतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. मिळतं ते ३२ चं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांच्या पर्शीत मावेल असं अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं. नाव निर्भीक. किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीतल्या त्या मुलीच्या नावावरून नाव दिलं आणि किंमत अशी ठेवली की तिच्या बापाला घेता येऊ नये. मग राहतो गावठी कट्टा. तो पहिल्यांदा मालकाचाच पंजा उडवतो. आणि विनापरवाना हत्यार म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आत. तुझ्या खिशात कट्टा सापडणं ही पोलिसाची दिवाळी. मामेभावाला खांबाला बांधणारे बाजूला राहतील, आणि पेपरात तुझा फोटो येईल, बुरखा घालून.

कुणी म्हणेल, खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगेंच्या घरात पिस्तूल असतं तर? चार माणसं मारली तिथं. हा प्रश्न मी उडवून लावत नाही. मला त्याचं उत्तर येत नाही. पण एवढं येतं की मारायला झुंड आली होती, आणि झुंडीच्या मागं अख्खं गाव आणि ठाणं गप्प बसलेलं होतं. आठ गोळ्या गप्प बसलेल्या गावाला पुरत नाहीत.

हत्यार कुणाकडं असावं हे आपल्याकडंही वरूनच ठरत आलंय. १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला परवाना लागायचा, साहेबाला नाही. महारांची पलटणीतली भरती सरकारनं बंद करत आणली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. अर्जच होता तो. पण आपल्या माणसानं हत्यार मागितलं ते नागरिकाचा हक्क म्हणून, लपवून नाही.

आणि आज आपल्या हातात त्याहून धारदार कागद आहे. अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम तीन वाचलाय का कुणी? हात वर करा. ... बघा. तीन हात. अत्याचाराची शक्यता असलेली ठिकाणं सरकारनं शोधायची. तिथं गरज वाटल्यास बिगर-दलितांचे, बिगर-आदिवासींचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे सुद्धा हत्यार-परवाने रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यायचे. हे मी लिहिलेलं नाही, सरकारनं लिहिलंय. 'गरज वाटल्यास' एवढ्या दोन शब्दांत ते सगळं पुरलंय. गरज कुणाला वाटायची? सरकारला. ती त्याला वाटायला लावणं, हे आपलं काम.

तर माझं उत्तर असं. तू तुझ्या कमरेचा विचार करतोयस. मी म्हणतो, आधी त्या ओट्यावरच्या बंदुकीचा विचार कर. ती तुझ्या पिस्तुलापेक्षा मोठी आहे म्हणून वस्ती घाबरत नाही. ती कायद्याची आहे म्हणून घाबरते. तिचा परवाना आपण काढून घ्यायचा. पहिला अर्ज कलेक्टरला, नियम तीनखाली, त्या माणसाच्या नावानिशी. दुसरा माहितीच्या अधिकारात: १९९५ पासून ह्या जिल्ह्यात नियम तीनखाली किती परवाने रद्द केले, किती दिले. तिसरा जिल्हा दक्षता समितीला. तिनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचं असतं, कधी बसली त्याची तारीख मागा. उत्तर आलं नाही तर कचेरीसमोर बसू. मोकळ्या हातानं, दिवसाउजेडी, वस्तीतली सगळी माणसं घेऊन. आणि तेवढं करून मामाला परवाना हवाच असेल तर तोही मागू, त्याच नियमाखाली, वलंगकरांसारखा. दिला नाही तर का नाही, ते लेखी घेऊ.

मी परवा परत जातोय. आज रात्री जेवण झाल्यावर मी इथंच आहे. ज्याला मोबाईलवर पिस्तूल बघायचं त्यानं बघावं, मी सगळी माहिती दिलीय. ज्याला अर्ज लिहायचाय त्यानं कागद घेऊन यावं. पोरा, तू ये. मामाच्या गावाचं नाव, ती तारीख, आणि त्या ओट्याच्या मालकाचं पूर्ण नाव, एवढं घेऊन ये.

जयभीम.